विश्लेषण : संगणक बाजूला ठेवून प्रोग्रॅमिंग शिकवणारे एड्सगर डायक्स्ट्रा कोण होते?

किनवट तालुक्यातल्या इस्लापूरहून नांदेडला निघालो की हिमायतनगरपर्यंत फारसा विचार करावा लागत नाही. पुढे भोकरमार्गे जायचे की हदगाव-अर्धापूरमार्गे, हे ठरवावे लागते. मोबाइलमधला नकाशा ते क्षणात सांगतो. अशा नकाशांच्या मुळाशी असलेली रीत १९५६ साली अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका कॅफेबाहेर कॉफी पीत बसलेल्या तरुणाने वीसेक मिनिटांत मनातल्या मनात शोधली. हाताशी कागद-पेन नव्हते आणि शेजारी बसली होती त्याची नियोजित वधू. त्याचे नाव एड्सगर डायक्स्ट्रा. नांदेड-लातूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला हे नाव परीक्षेपुरते ठाऊक असते. मात्र प्रोग्रॅमिंग आणि सॉफ्टवेअर अभियांत्रिकी मुलांना कशी शिकवावी यावरून या माणसाने आयुष्यभर सहकाऱ्यांशी, विद्यापीठांशी आणि कंपन्यांशी वाद घातला. तो वाद आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आपल्याही वर्गात येऊन पोहोचला आहे.

कमीत कमी अंतराची रीत काय आहे?

वर सांगितलेलाच प्रवास घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा, इस्लापूर ते हिमायतनगर ३० मिनिटे लागतात. तिथून हदगाव ४० मिनिटे, भोकर ४५ मिनिटे. हदगावहून अर्धापूर ५०, अर्धापूरहून नांदेड २५. भोकरहून नांदेड ६०.

आता रीत अशी : निघालो तिथे शून्य लिहा. जे गाव आतापर्यंतच्या हिशेबात सर्वांत जवळ आहे, तेवढेच पक्के करा आणि तिथून पुढच्या गावांचे अंदाज लिहा. हिमायतनगर ३० वर पक्के झाले. पुढे हदगाव ७०, भोकर ७५ असे अंदाज आले. हदगाव जवळचे, म्हणून आधी ते पक्के. तिथून अर्धापूर १२०. आता उरलेल्यांत भोकर सर्वांत जवळ, ते ७५ वर पक्के. तिथून नांदेड १३५. मग अर्धापूर १२० वर पक्के. तिथून नांदेड १४५ येते, म्हणजे आधीच्या १३५ पेक्षा जास्त. ते सोडून द्यायचे. नांदेड १३५ वर पक्के, रस्ता भोकरमार्गे. सुरुवातीला हदगाव जवळ दिसले म्हणून तिकडे वळलेला माणूस दहा मिनिटे उशिरा पोहोचला असता.

एकदा पक्के केलेले गाव पुन्हा तपासावे लागत नाही, हे या रीतीचे मर्म. ते का लागत नाही? कारण कुठल्याही रस्त्याला उणे मिनिटे लागत नाहीत. इतके एक वाक्य ज्याला सुचले त्याला रीत समजली. परीक्षेत मात्र बहुतेक मुले तक्ता भरून दाखवतात आणि दहापैकी आठ गुण घेऊन पुढे जातात. हा फरकच डायक्स्ट्रांना आयुष्यभर सलत राहिला.

ही रीत त्यांनी शोधली तीही एका गरजेपोटी. अ‍ॅमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये आर्मॅक नावाचा नवा संगणक तयार झाला होता. त्याच्या उद्घाटनाला येणारे पाहुणे काही गणितज्ञ नव्हते. त्यांना कळेल असे काहीतरी दाखवायचे होते. म्हणून नेदरलँड्समधली ६४ शहरे घेऊन दोन शहरांमधला जवळचा रस्ता संगणकाकडून काढून दाखवायचे ठरले. शोधनिबंध छापून आला तो १९५९ साली, आणि तोही जेमतेम तीन पानांचा.

सुरुवात कशी झाली?

डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणिताची जाणकार. शाळेत असताना गणित अवघड असते का, असे त्यांनी आईला विचारले होते. सूत्रे नीट माहीत करून घे, आणि एखादी गोष्ट सिद्ध करायला पाचापेक्षा जास्त ओळी लागू लागल्या तर वाट चुकली असे समज, अशा आशयाचे उत्तर तिने दिले. मुलाने हा सल्ला फारच मनावर घेतला असे पुढचे आयुष्य पाहता म्हणावे लागते.

खरे तर त्यांना कायदा शिकून संयुक्त राष्ट्रांत देशाचे प्रतिनिधित्व करायचे होते. शालान्त परीक्षेत विज्ञान-गणितात उत्तम गुण मिळाले आणि ते लायडन विद्यापीठात सैद्धान्तिक भौतिकशास्त्राकडे वळले. १९५१ मध्ये केंब्रिजला मॉरिस विल्क्स यांच्याकडे प्रोग्रॅमिंगचा तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम होता, तो त्यांनी केला. परतल्यावर मार्च १९५२ पासून मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये अर्धवेळ नोकरी. नेदरलँड्समधले ते पहिले प्रोग्रॅमर मानले जातात.

काही वर्षे दोन डगरींवर पाय होते. भौतिकशास्त्र ही प्रतिष्ठेची विद्या होती. प्रोग्रॅमिंगला शास्त्र म्हणावे असे त्यात काही आहे की नाही हेच ठरलेले नव्हते. त्यांनी आपले वरिष्ठ आद्रियान व्हान वाइनगार्डन यांच्यापाशी मन मोकळे केले. अजून ही विद्या नाही हे खरे, पण संगणक आता जाणार नाहीत. मग ती विद्या घडवणाऱ्यांपैकी तू एक का नसावास, असे त्यांनी सुचवले. तरुण डायक्स्ट्रा त्या खोलीतून बाहेर पडले ते निर्णय घेऊनच. १९५७ मध्ये रिया डेबेट्स यांच्याशी विवाह झाला तेव्हा नगरपालिकेच्या अर्जावर व्यवसाय म्हणून त्यांनी प्रोग्रॅमर लिहिले. असा काही व्यवसायच नसतो म्हणून अधिकाऱ्यांनी ते मान्य केले नाही, आणि विवाहाच्या नोंदीत त्यांना सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ व्हावे लागले. आज पुण्याच्या आयटी कंपनीत लागलेल्या मुलाचे स्थळ आले की घरात उत्साह येतो. त्या तुलनेत हा प्रसंग वाचण्यासारखा आहे.

यंत्राशिवाय प्रोग्रॅम लिहिण्याची सवय

त्यांच्या शिकवण्याचा सगळा स्वभाव समजून घ्यायचा तर मॅथेमॅटिकल सेंटरमधली ही वर्षे पाहावी लागतात. तिथे दोन सहकारी यंत्र बांधत, आणि त्याच वेळी डायक्स्ट्रा त्या यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहीत. म्हणजे प्रोग्रॅम लिहून व्हायचा तेव्हा तो चालवून बघायला यंत्रच नसायचे. चूक झाली तर ती कागदावरच सापडली पाहिजे. चालवून बघू, काय होते ते पाहू, ही आजच्या प्रयोगशाळेतली सोय त्यांच्या घडणीत नव्हती.

पुढे एक्स-वन या संगणकासाठी त्यांनी काम केले. या यंत्रात बाहेरचे उपकरण कधीही मध्येच हाक मारू शकत होते, आणि चालू काम थांबवून संगणकाला त्या हाकेला ओ द्यावी लागे. अशी हाक नेमकी कुठल्या क्षणी येईल हे सांगता येत नाही. त्यामुळे एकदा झालेली चूक पुन्हा घडवून बघणेही शक्य नाही. चाचणीवर विसंबून चालणार नाही, आधीच विचार करून चूक टाळली पाहिजे, हे त्यांना इथे पक्के पटले. १९५९ मध्ये याच विषयावर त्यांना अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली.

१९६० साली, म्हणजे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा टिफ्रॅक संगणक सुरू झाला त्याच वर्षी, डायक्स्ट्रा आणि याप झोनेव्हेल्ड यांनी अल्गोल-६० या भाषेचा कंपायलर पूर्ण केला. माणसाला वाचता येणाऱ्या भाषेतला प्रोग्रॅम यंत्राच्या आकड्यांत उतरवणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. तो पूर्ण होईपर्यंत दाढी करायची नाही असे दोघांनी ठरवले होते. काम संपल्यावर झोनेव्हेल्ड यांनी दाढी उतरवली, डायक्स्ट्रांनी ठेवली. छायाचित्रांत दिसणारी त्यांची दाढी त्या कंपायलरची आहे.

परीक्षेतला प्रश्न जगभर कसा पोहोचला?

१९६२ मध्ये ते आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. संगणकशास्त्राचा वेगळा विभाग तेव्हा तिथे नव्हता. मूठभर सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी एक कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम उभी केली. तिचे नाव त्या संस्थेच्या डच नावाच्या आद्याक्षरांवरून टीएचई. ती थरांवर थर रचून बांधली होती. खालचा थर पूर्ण तपासून झाला की मगच वरचा. वरच्या थराने खालच्यावर विसंबायचे, खालच्याला वरचे काही ठाऊक नसायचे. घर बांधताना गवंडी हेच करतो. सॉफ्टवेअरमध्ये मात्र तोवर हे कोणी इतक्या काटेकोरपणे केले नव्हते.

याच कामातून सेमाफोर ही कल्पना आली. शब्द रेल्वेच्या सिग्नलवरून घेतलेला. एकेरी मार्गावर, उदाहरणार्थ मुदखेड-आदिलाबादसारख्या, दोन स्थानकांमधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. समोरून येणारीने सिग्नल मिळेपर्यंत थांबायचे. संगणकात एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालतात आणि त्यांना एकच छपाईयंत्र किंवा स्मृतीची एकच जागा हवी असते. त्यांच्यात टक्कर होऊ नये म्हणून हाच नियम डायक्स्ट्रांनी गणिती अचूकतेने मांडला. आज बँकेत एकाच खात्यातून दोन ठिकाणी एकाच क्षणी पैसे काढायचा प्रयत्न झाला तरी हिशेब बिघडू नये, यामागेही याच जातीचा विचार असतो.

१९६५ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना परीक्षेत एक प्रश्न घातला. पाच संगणक आहेत, पाच टेप-यंत्रे आहेत, प्रत्येकाला कामासाठी दोन यंत्रे लागतात. पुढे टोनी होअर यांनी त्याला गोल टेबलाभोवती जेवायला बसलेल्या पाच तत्त्वज्ञांचे रूप दिले. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना एकेक काटा, आणि खायला दोन्ही काटे लागतात. पाचही जणांनी एकाच वेळी डावा काटा उचलला तर? प्रत्येक जण उजव्याची वाट पाहत राहील आणि सगळेच उपाशी. कोणी काही चुकीचे केलेले नाही, तरी काम ठप्प. ही अडचण आज ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. मुळात तो एका मास्तरांनी पेपरात घातलेला प्रश्न होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

१९६८ चे वर्ष महत्त्वाचे का?

मार्च १९६८ मध्ये त्यांचे एक छोटे पत्र अमेरिकेतल्या संगणकशास्त्राच्या मासिकात छापून आले. प्रोग्रॅममध्ये एका ओळीवरून भलत्याच ओळीवर उडी मारायला लावणारी गो-टू ही आज्ञा घातक आहे, असे त्यांचे म्हणणे. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला हे लगेच कळावे. पहिल्या पानावरची बातमी सहाव्या पानावर, तिथून अकराव्यावर, मग पुन्हा दुसऱ्यावर गेली तर वाचक हरवतो. प्रोग्रॅमही वरून खाली सलग वाचता आला पाहिजे, म्हणजे तो बरोबर आहे की नाही याचा विचार तरी करता येतो. पत्राचे गाजलेले भडक शीर्षक त्यांचे नव्हते. ते संपादक निकलाऊस विर्थ यांनी दिले. बरीच रागावलेली पत्रे मात्र डायक्स्ट्रांच्या वाट्याला आली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या गार्मिश येथे नाटोच्या पुढाकाराने एक परिषद भरली. तिचे नावच सॉफ्टवेअर अभियांत्रिकी. संगणक वेगवान झाले होते, पण त्यांच्यासाठी लिहिलेले मोठाले प्रोग्रॅम वेळेत पूर्ण होत नव्हते, खर्च हाताबाहेर जात होता आणि चुका संपत नव्हत्या. पूल बांधणाऱ्या अभियंत्याला जशी शिस्त असते तशी इथेही हवी, हा विचार तिथे पुढे आला. आज अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग नावाचा जो विषय असतो, त्याचे बारसे तिथले. परिषदेला डायक्स्ट्रा हजर होते. अडचण इतक्या लोकांनी उघडपणे कबूल केली याचा त्यांना आनंद झाला. पुढे हा विषय ज्या वळणावर गेला ते त्यांना अजिबात आवडले नाही.

१९७२ साली त्यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या भाषणात त्यांनी प्रोग्रॅमरला नम्रतेचा सल्ला दिला. माणसाचा मेंदू लहान आहे. म्हणून प्रोग्रॅम असा रचावा की तो त्या लहान मेंदूत मावेल. चाचण्यांनी चूक आहे हे कळते, चूक नाही हे कधीच कळत नाही, हा त्यांचा मुद्दा तर आता म्हणीसारखा झाला आहे.

वर्गात ते कसे शिकवत?

१९७३ नंतर बरीच वर्षे ते बरोज या संगणक कंपनीचे संशोधक म्हणून घरूनच काम करत होते. आठवड्यातून एक दिवस विद्यापीठात. तिथे मंगळवारी दुपारी मोजके लोक जमत आणि एखादा निबंध ओळीओळीने वाचून त्याची चिरफाड करत. १९८४ मध्ये ते अमेरिकेत ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात गेले आणि १९९९ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवले. मंगळवारची बैठक तिथेही सुरू झाली. ओडिशातून आलेले, कानपूर आयआयटीचे माजी विद्यार्थी जयदेव मिश्रा तिथे त्यांचे सहकारी होते.

वर्गात फळा आणि खडू, बस्स. समोर टिपणे नाहीत, नेमलेले पाठ्यपुस्तक नाही. बोलता बोलता ते थांबत आणि शांतता लांबत जाई. पुढचे वाक्य मनात नीट तयार झाल्याशिवाय तोंडातून येत नसे. गृहपाठ अवघड असे. परीक्षा तोंडी, एकेका विद्यार्थ्याची वेगळी, त्यांच्या कार्यालयात किंवा घरी, आणि ती काही तास चाले. विद्यार्थ्याने उत्तर काय दिले यापेक्षा तो तिथवर कसा पोहोचला हे त्यांना पाहायचे असे.

घरात स्वतःचा संगणक त्यांनी कित्येक वर्षे ठेवला नाही. उशिरा एक घेतला तो मुख्यतः ईमेलसाठी. लिखाण फाउंटन पेनने, सुवाच्य अक्षरात, खाडाखोड जवळजवळ नाही. लिहून झाले की त्यावर आपली आद्याक्षरे आणि क्रमांक टाकून छायाप्रती मित्रांना पाठवायच्या. मित्र पुढे आणखी छायाप्रती काढत. असे तेराशेहून अधिक लेख त्यांनी लिहिले. वृत्तपत्रे नाहीत, इंटरनेट नाही, तरी जगभर त्यांचे वाचक होते.

१९८८ च्या डिसेंबरात याच मालिकेतल्या एका लेखात त्यांनी पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग कसे शिकवावे याची योजना मांडली, आणि खळबळ उडाली. आधी तर्कशास्त्राची सूत्रे चालवण्याचा भरपूर सराव. मग एक छोटी, साधी प्रोग्रॅमिंगची भाषा. आणि ही भाषा विद्यापीठातल्या एकाही संगणकावर चालता कामा नये! मुलांना प्रोग्रॅम चालवून बघण्याचा मोहच होऊ नये म्हणून. प्रोग्रॅम लिहायचा आणि तो बरोबर आहे याची सिद्धता त्याच्यासोबतच लिहायची. चुकीला लाडाने बग म्हणायचे नाही, चूकच म्हणायचे. किडा कुठून तरी आत येतो, चूक आपण केलेली असते. किती ओळी लिहिल्या याची बढाई मारायची नाही, कारण त्या ओळी खर्चाच्या बाजूला मांडायच्या असतात. सॉफ्टवेअर अभियांत्रिकी या विषयाबद्दल तर त्यांनी जहाल लिहिले : ज्यांना प्रोग्रॅम लिहिता येत नाही त्यांनी तो कसा लिहावा हे शिकवण्याचे काम या शाखेने पत्करले आहे, अशा अर्थाचे.

त्यांचे सगळे पटण्यासारखे होते का?

नव्हते, आणि तेव्हाच अनेकांनी ते सांगितले. १९८९ मध्ये तो लेख आणि त्यावरची मान्यवरांची उत्तरे एकत्र छापली गेली. डेव्हिड पारनास बऱ्याच अंशी त्यांच्या बाजूने होते. रिचर्ड कार्प, टेरी विनोग्राड यांनी आक्षेप घेतले. त्या वादाचा गाभा असा : खरे सॉफ्टवेअर माणसांसाठी असते आणि माणसांना काय हवे हे आधीपासून स्वच्छ ठरलेले नसते. पीककर्जाची यादी ठेवणारा प्रोग्रॅम घ्या. तो सूत्राबरहुकूम शंभर टक्के बरोबर असू शकतो. पण सूत्र लिहिणाऱ्याने एकाच सातबाऱ्यावर चार भावांची नावे असतात हे ध्यानातच घेतले नसेल, तर सिद्धतेचा उपयोग काय? तिथे गावात जाऊन विचारावे लागते, कच्चे काहीतरी करून दाखवावे लागते, पुन्हा बदलावे लागते. दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम दुरुस्त करणे हेही अभियंत्याचे रोजचे काम. डायक्स्ट्रांच्या योजनेत याला जागा नव्हती.

कोबोल भाषेबद्दलही त्यांचे मत टोकाचे होते. ती शिकवणे हाच गुन्हा ठरावा असे त्यांना वाटे. पण वर्ष २००० च्या आधी तारखांची ती प्रसिद्ध अडचण निस्तरायला जगाला कोबोल जाणणारे हात हवे होते, आणि महाराष्ट्रातल्या किती तरी घरांत परदेशी नोकरीचा पहिला पगार त्या भाषेमुळे आला. भाषा वाईट असू शकते. तिच्यावर पोट भरणाऱ्यांना ते सांगणे सोपे नसते.

तरीही २००१ साली, निवृत्तीनंतर, त्यांनी टेक्सास विद्यापीठाला लिहिलेले पत्र वाचण्याजोगे आहे. पदवीच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमातून हॅस्केल ही भाषा काढून जावा आणायचे ठरत होते. पहिली भाषा मुलाच्या विचारांची घडण ठरवते, म्हणून ती निवडताना बाजारातली मागणी पाहू नये. शिवाय हॅस्केलची रीत आधी थोडेफार प्रोग्रॅमिंग केलेल्या मुलांनाही नवी असते, त्यामुळे आपल्याला वाटले त्याहून प्रोग्रॅमिंग बरेच मोठे आहे हे त्यांना लगेच कळते, असा त्यांचा रोख होता. ऑस्टिनमध्ये पुढे अनेक वर्षे जावाच शिकवली गेली.

नांदेड-लातूरच्या वर्गाशी याचा काय संबंध?

घरी संगणक नसलेल्या मुलाचा विचार केला तर हा मुद्दा इथेही लागू पडतो. नांदेडच्या विष्णुपुरीत १९८१ साली श्री गुरु गोबिंदसिंघजी यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि त्या दशकात नांदेड-लातुरात आणखी महाविद्यालये आली. तेव्हापासून किनवट, माहूर, देगलूर, अहमदपूरकडची मुले संगणक शाखेत येत आहेत. यांतल्या अनेकांनी बारावीपर्यंत कीबोर्डला फारसा हात लावलेला नसतो. पहिल्या वर्षी शेजारच्या बाकावरचा शहरातला मुलगा भराभर टंकतो आणि याला वाटते, आपले काही खरे नाही. डायक्स्ट्रांच्या हिशेबाने टंकण्याचा वेग म्हणजे प्रोग्रॅमिंग नव्हेच. कागदावर नीट विचार मांडता येतो का, एवढेच पाहायचे. इस्लापूरच्या मुलाला त्यात काही कमी नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवली आहे, जी आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. चांगल्या प्रोग्रॅमरला गणिताच्या ओढीइतकीच एक गोष्ट लागते, ती म्हणजे स्वतःच्या मातृभाषेवर असामान्य पकड. स्वतः डायक्स्ट्रा डच. पण त्यांनी म्हटले ते कुठल्याही भाषेला लागू आहे. २०२१ पासून अभियांत्रिकीची पदवी मराठीसह काही भारतीय भाषांतून शिकवायला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने वाट मोकळी केली आहे. त्यावरची चर्चा बहुतेक इंग्रजी येत नसलेल्यांची सोय याच अंगाने होते. मराठीत एखादी पायरी तीन स्वच्छ वाक्यांत सांगता येणे हेच प्रोग्रॅमिंगचे शिक्षण आहे, ही बाजू त्या चर्चेत यायला हवी.

सध्या सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगचा विषय म्हणजे वॉटरफॉल मॉडेलची आकृती, तिचे फायदे-तोटे, यूएमएलच्या चौकटी आणि सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राच्या फाइलवरून उतरवलेले जर्नल, असे चित्र पुष्कळ ठिकाणी दिसते. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत मिळतो हेही उघड गुपित आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागितला तो प्रोग्रॅम काही सेकंदांत लिहून देतात. लिहून आणलेल्या प्रोग्रॅमवरून विद्यार्थ्याला काय येते हे ओळखण्याचा मार्ग त्यामुळे जवळजवळ बंद झाला आहे. उरते ती समोर बसवून विचारायची तोंडी परीक्षा. ही ओळ इथे का आहे, काढली तर काय होईल, ही फेरी नक्की थांबेल कशावरून?

अडचण हिशेबाची आहे. ६० मुलांचा वर्ग, प्रत्येकाला दोन तास म्हटले तर १२० तास. दिवसाला आठ तास धरून पंधरा दिवस, तेही एका विषयाचे आणि एकाच शिक्षकाचे. ऑस्टिनच्या मानाच्या अध्यासनावरच्या प्राध्यापकाला ते परवडले. तासिका तत्त्वावर नेमलेल्या, एका वेळी तीन विषय शिकवणाऱ्या आणि परीक्षेची कामेही करणाऱ्या आपल्याकडच्या सहायक प्राध्यापकाला ते कसे जमावे? व्हायवाचे गुण आजही आहेत. पण बाहेरून आलेला परीक्षक एका दुपारी पूर्ण वर्ग संपवतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात. वर्गाचे आठ गट करून वर्षभर दर आठवड्याला एका गटाला फळ्यापाशी बोलावणे, हा मधला मार्ग काही शिक्षक स्वतःच्या हिमतीवर काढतात. त्याची नोंद त्यांच्या कार्यभारात होत नाही, तोवर तो हौसेचाच राहणार.

अखेरची वर्षे

ऑस्टिनला असताना डायक्स्ट्रा पती-पत्नी आपल्या फोक्सवॅगन गाडीतून अमेरिकेतली राष्ट्रीय उद्याने हिंडत. गाडीचे नाव त्यांनी ट्युरिंग यंत्रावरून शब्दखेळ करून टूरिंग मशीन ठेवले होते. २००२ च्या फेब्रुवारीत, कर्करोगाने गाठल्यावर, ते नेदरलँड्समध्ये न्यूनेन येथे आपल्या घरी परतले. तिथेच ६ ऑगस्ट २००२ रोजी त्यांचे निधन झाले. वय ७२. मागे पत्नी आणि तीन मुले. संगणकांच्या परस्परसहकार्यावरील संशोधनासाठी दिल्या जाणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय पुरस्काराला २००३ पासून त्यांचे नाव आहे.

त्यांची हस्तलिखिते टेक्सास विद्यापीठाने इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत ठेवली आहेत. अक्षर इतके स्वच्छ आहे की मोबाइलच्या पडद्यावरही वाचता येते. शेवटचे, १३१८ क्रमांकाचे, १४ एप्रिल २००२ या तारखेचे आहे. विषय एका गणिती युक्तिवादाचा, आणि तोही हातानेच लिहिलेला.